पहिला नंबर देऊन टाकला

३ नोव्हेंबर, सोमवार

रुपालीचा गुडघा कसा आहे, विचारलं. "आहे जागेवर." विजयश्रीची बोटं? सूज उतरली नाही अजून, पण ऑफिसात टाइप करता येतंय म्हणाली. पत्र्याच्या प्रेस शॉपमधल्या दोघी बहिणी — थोरलीला खोकला, धाकटीला थोरलीचा कंटाळा. गणराजची पाठ? हा माझा लेक टेम्पोत माल चढवताना वाकतो वेडावाकडा आणि दुखली की दोष गादीला. आणि माझं बीपी? ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारते, मीच सांगते — बरं आहे!

नवी वही आहे, तर मुळापासून लिहिते. कारखान्यांत, ऑफिसांत काम करणाऱ्या बायकांची बास्केटबॉल लीग आहे. सहा टीम, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या. भोसरीच्या टीमची कोच मी. एकतीस वर्षं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बटाटे सोलले. खिडकीसमोर कोर्ट होतं, सोलता सोलता खेळ शिकले. कुणी शिकवला नाही — म्हणून कुणी चुकीचाही शिकवला नाही! विजयश्री आणि त्या दोघी बहिणी माझ्या खेळाडू. कॅप्टन माझी सून, रुपाली. घरात मला आई म्हणते, कोर्टवर बाकीच्यांसारखी मावशी.

गेल्या वर्षी आम्ही सहावे आलो. सहांत सहावे. म्हणून यंदा नव्या मुली निवडताना पहिला नंबर आमचा. तळाला राहिलेल्याला पहिला घास, असा नियम. लीगवाले त्याला ड्राफ्ट म्हणतात. काल चाचणी झाली. सहा नव्या मुली आल्या होत्या. त्यातली एक ऋचा, सांगवीची, इंजिनिअर. सहा फूट एक इंच! सगळं मैदान मान वर करून तिच्याकडेच बघत होतं.

मीही बघितलं, खोटं कशाला बोलू. पण माझी नजर दुसऱ्याच एका पोरीवर जाऊन बसली ती उठेचना. अंजली. चाकणला वायरिंगच्या लाइनवर आहे, गाव जालन्याकडचं. पाच फूट दोन. चाचणीत तिनं स्वतः एकही बास्केट केली नाही, आणि तिच्या बाजूनं सात झाल्या. सातही तिच्या पासवर. मी मोजल्या. बाकीच्यांनी पोरीलाच मोजलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुरेंद्रचा फोन. चिंचवडची टीम हा बघतो. गोड बोलतो, मुद्दा सगळ्यात शेवटी काढतो.

"मावशी, तब्येत काय म्हणते?"

"माझी तब्येत राहू दे रे. नंबर पाहिजे ना तुला?"

हसला. त्याच्याकडे यंदा दोन नंबर आहेत. त्याचा स्वतःचा तिसरा, आणि सांगवीला गेल्या वर्षी एक खेळाडू देऊन मिळवलेला चौथा. म्हणतो, तुमचा पहिला मला द्या, माझे तिसरा-चौथा दोन्ही तुम्ही घ्या. ऋचासाठी चाललंय सगळं.

मी म्हटलं, शनिवारी सांगते. मनातून हो कधीच म्हणून झालं होतं. पण लगेच हो म्हटलं की समोरच्याला वाटतं आपणच फसलो, आणि मग तो मागं फिरतो!

६ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवार. भोसरीची सुट्टी. मशिनं गप्प, चहाच्या टपऱ्या गप्प. आणि इथंच आमचं दुखणं आहे. सगळ्या जगाला रविवार, भोसरीच्या कारखान्यांना गुरुवार. मॅच असते रविवारी. म्हणजे आमच्या पोरींनी दर वेळी रजा मागायची. कागदावर सहा जणी आहेत. रविवारी खात्रीच्या किती? रुपाली एक. विजयश्री दोन. आणि दोघी बहिणींपैकी कुणीतरी एक, कारण त्यांचा मालक म्हणतो, "तुमच्या चेंडूसाठी दोन्ही प्रेस बंद ठेवू का?" झाल्या तीन. उरलेल्या दोघींना कधी रजा मिळते, बहुतेक मिळत नाही.

मॅच सुरू करायला कोर्टवर पाच जणी लागतात. पंधरा मिनिटांत पाच उभ्या राहिल्या नाहीत तर चेंडूला हात न लावता हार. गेल्या वर्षी तीनदा तसे हरलो. यंदा नियम कडक केलाय — दोनदा असं झालं की टीमचं नाव कापणार. हिंजवडीची एक टीम जागा कधी होते याची वाटच बघतेय.

आणि अंजली चाकणची. चाचणीतली चारुलता, पॅकिंगला आहे ती, गाव चिपळूण, तीही कामाला चाकणलाच. चाकणला रविवारी सुट्टी!

संध्याकाळी प्रॅक्टिसला सगळ्यांना सांगितलं, पहिला नंबर द्यायचा, तिसरा-चौथा घ्यायचा. रुपालीनं चेंडू खाली ठेवला.

"मावशी, थट्टा करताय?"

"तीन आणि एक चार. तीन आणि दोन पाच. यात थट्टा कुठं आली?"

"ऋचा सहा फुटांची आहे!"

"अगं पण आहे एकच ना? तिचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी उभे करू?"

विजयश्री हसली. रुपाली नाही हसली. म्हणाली, "मला तेहतिसावं लागलंय. नऊ वर्षं खेळतेय, पहिल्या तिनात एकदाही नाही. गुडघा या हंगामापुरता उरलाय. एकदा, एकदाच, कुणीतरी उंच माझ्या बाजूनं असू दे."

ते लागलं मला. खूप लागलं. आणि लागलं की मी जास्तच बोलते, ही माझी खोड. म्हटलं, "अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा पहिला नंबर देऊन खाली सरकतात. मोबाइलवर बघते मी."

"अमेरिकेत गुरुवारची सुट्टी असते का?"

सगळ्या खो खो हसल्या.  उत्तर घरी येऊन भाकरी थापताना सुचलं — अगं बये, तेच तर मी सांगतेय!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भाजीत मीठ नव्हतं. मी दोन घास जास्तच खाल्ले.

८ नोव्हेंबर, शनिवार

गणराजला विचारलं, तुझं मत काय. "मला दोघींच्या हातचं जेवायचंय." पळपुटा!

दौलतराव चहाला आले होते. कंपनीत स्टोअरला होते, माझ्यासोबतच निवृत्त झाले. त्यांच्यापर्यंतही बातमी गेलेली. म्हणाले, "सुभद्राबाई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय."

"पळतंय कोण? दोघी उभ्या आहेत, नाव घ्यायचा अवकाश."

"अहो, पण पहिला नंबर! तुम्ही आयुष्यभर कॅन्टीन सांभाळलं, हे डावपेच वेगळे असतात."

"कॅन्टीनवालीला एवढं कळतं दौलतराव, की एक हापूस आंबा कापून सहाशे माणसांची पंगत उठत नाही."

चहा पिऊन गेले.

आता फक्त वहीला सांगते. भीती एकच आहे, दुसऱ्या नंबरची. दुसरा नंबर निगडीचा. निगडीवाल्यांनी अंजलीला उचललं तर? पण नाही उचलणार. ते माणूस घेताना फूटपट्टी घेऊन बसतात. अंजली काय आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. मग तिला पहिल्या नंबरला घेणं म्हणजे दहाच्या रिकाम्या बससाठी पहाटे पाचला रांग लावणं! तिसऱ्याला मिळतेय तर पहिला कशाला खर्च करू? वर चारुलता मिळतेय ती वेगळीच.

सुरेंद्रला फोन केला. "कबूल."

९ नोव्हेंबर, रविवार

चिंचवडच्या हॉलमध्ये ड्राफ्ट. सुरेंद्र उठला आणि म्हणाला, भोसरीचा पहिला नंबर आता चिंचवडकडे, आणि आमची निवड ऋचा. हॉलमध्ये कुजबुज. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशींना चष्मा बदलून द्या रे." मी मागं वळून म्हटलं, "परवाच बदललाय, तू स्पष्ट दिसतोयस!" मग बराच वेळ हसणं.

मग निगडी. त्यांच्या माणसानं यादी वर केली, खाली केली, "अं... अं..." करत राहिला. मी पदराला गाठी मारत बसले.  शेवटी त्यांनी एक उंच मुलगी घेतली आणि मी श्वास सोडला.

"तीन नंबर, अंजली." पोरगी मागं वळून बघायला लागली, दुसरी कुणी अंजली आहे का ते! "चार नंबर, चारुलता."

बाहेर अंजली जवळ आली. "मला कामून घेतलं वो मावशी? त्या हसू राहिल्या सगळ्या."

"हसू दे. तू पास देतेस तिथं दोन पावलांनंतर माणूस येतं. ते तुला आधी दिसतं. मला तेवढंच पाहिजे."

रुपाली स्कूटीवर एकटी निघून गेली. मी शेअर रिक्षात, पिशवीत दोन फॉर्म घेऊन. सून पुढं, सासू मागं.

१० नोव्हेंबर, सोमवार

रुपाली बोलत नाही. मीही बोलत नाही. अबोला मलाही येतो. माझ्या सासूशी एकदा अख्खा पावसाळा धरला होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गंमत बघ. कोर्टवर "मावशी, बचावाला कोण?", "मावशी, शिट्टी वाजवा" सगळं नीट बोलली. घराच्या उंबऱ्यात पाय टाकला की ओठ शिवले. मावशीशी बोलते, आईशी नाही. चालेल!

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिलीच मॅच नेमकी चिंचवडशी. साडेआठला मी मोजलं — रुपाली, विजयश्री, थोरली बहीण, अंजली, चारुलता. पाच! बाकावर मी आणि पाण्याच्या बाटल्या.

एकोणीस गुणांनी हरलो. ऋचा खेळली म्हणजे काय, झाडावरची चिंच काढावी तशी बास्केट काढत होती. चांगली पोरगी आहे, संपल्यावर पाया पडायला आली. थोरली पाच फाउल होऊन बाहेर गेली, शेवटची चार मिनिटं चौघीच धावल्या. धावल्या पण!

सुरेंद्र आला. "मावशी, वाईट नाही ना वाटत?"

"सुरुवातीला किती उभ्या होत्या रे आमच्या?"

"पाच."

"मग झालं. गेल्या वर्षी तुझ्याशी आम्ही खेळलोच नव्हतो."

रुपाली बुटाची नाडी बांधत बसली होती. तीच नाडी, तीनदा.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो! निगडीला हरवलं, दोन गुणांनी! शेवटचं अर्धं मिनिट राहिलं होतं. अंजलीनं बघितलंसुद्धा नाही, रिकाम्या जागेत चेंडू फेकला. मला वाटलं गेला हातचा. आणि त्या रिकाम्या जागेत रुपाली आली. गुडघा-बिडघा सगळं घेऊन आली. बास्केट!

रुपालीनं अंजलीला उचलून गरकन फिरवलं. विजयश्रीला मिठी. चारुलता "अगो बाई, अगो बाई" करत नुसती नाचत होती. माझ्याकडे कॅप्टननं बघितलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं.

बघितलं तरी!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली शिफ्ट सुटल्यावर अंजली चाकणहून बसनं प्रॅक्टिसला येते. आज आली ती कोर्टवर उतरलीच नाही. कठड्यापाशी उभी.

"मावशी, माझे सात महिने भरले. एकोणतीसला शेवटची ड्युटी. ब्रेक दिला ठेकेदारानं."

ठेकेदाराकडच्या पोरींना सात महिने कामावर ठेवतात आणि घरी बसवतात. कायम कुणी होऊ नये म्हणून. महिना, दोन महिने. पुन्हा बोलावलं तर नशीब. राहायची खोलीही ठेकेदाराचीच, आठ जणींची. ड्युटी गेली की कॉटही गेली.

लीगच्या सेक्रेटरीला लगेच फोन लावला. म्हणाले, एकदा टीममध्ये नाव लागलं की हंगामभर राहतं, नोकरी असो-नसो. म्हणजे नियमाची आडकाठी नाही.

"मग कुठं राहणार तू?"

"गावाला जाते की. अजून काय करू वो?"

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चुकले.

कुणाला कुठल्या वारी सुट्टी ते मी मांडलं. कुणाची शिफ्ट कुठली, कुणाचा मालक कसा, सगळं मांडलं. सात महिने नाही मांडले. बाहेरच्या माणसानं विसरलं असतं तर एक वेळ ठीक. पण मी! एकतीस वर्षं ब्रेकवर निघालेल्या पोरांच्या ताटात शेवटच्या दिवशी एक पोळी जास्त वाढत आले. तोंड बघून ओळखायचे, याचे सात भरले. आणि ही पोरगी फॉर्मवर "कामाला लागल्याची तारीख — मे" लिहून माझ्यासमोर उभी होती, तर मी तिचे पास मोजत बसले.

रुपाली आज बोलली. गणराजशी, पण मला ऐकू येईल असं. "एकीच्या दोन केल्या होत्या ना? आता दोनांतली एक चालली. उंचीही गेली आणि पाचही गेल्या."

खरं बोलली. तरी सांगते, वही, सौदा चुकला असं मी म्हणणार नाही. कुणीही म्हणू दे! उद्या पुन्हा पहिला नंबर आला आणि पुन्हा सुरेंद्रचा फोन आला, तर पुन्हा देईन. घेतली ती बरोबर घेतली. चुकलं ते तिला धरून ठेवण्यात.

कारण काल तोंडाशी आलं होतं माझ्या — माझ्याकडे राहा. दोन खोल्या आहेत, एक पोटाला कितीसं लागतं. पण घर माझ्या एकटीचं नाही. सुनेला विचारायला हवं. आणि विचारायचं तर आधी बोलायला हवं. जीभ उचललीच नाही. पोरीच्या डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि मी अबोल्याचा मान सांभाळत बसलेय! सहासष्ट वर्षांची घोडी!

३० नोव्हेंबर, रविवार

आज मॅच नव्हती, मैदान लग्नाला दिलेलं. अंजलीला वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर सोडून आले. चपात्या आणि ठेचा बांधून दिला. खिडकीतून म्हणते, "मावशी, चारुलताला डाव्या हातानं पास द्यायला शिकवा. उजव्या अंगाला सगळे तिला अडवू राहिलेत."

आतासुद्धा म्हणता आलं असतं, उतर खाली. नाही म्हटलं. गाडी गेली.

२ डिसेंबर, मंगळवार

बहिणींच्या मालकाकडे स्वतः गेले. सात तारखेच्या रविवारी दोघींना सोड म्हटलं. "मावशी, तुमच्या हातचा चहा प्यालोय मी, पण दोन्ही प्रेस बंद नाही ठेवणार." त्याचंही बरोबर असेल. माझ्या चारच राहिल्या.

सुरेंद्रचा फोन. "मावशी, मनापासून सांगतो, नाव आपणहून मागं घ्या. कापलं जाण्यापेक्षा बरं. मान राहील."

"मान तुझ्याकडेच ठेव जपून. मी चौघींना घेऊन येईन. पंधरा मिनिटं रेफरीसमोर उभी करीन. त्याच्या पुढच्या रविवारीही आणीन. नाव कापायचं तर माझ्या डोळ्यांदेखत कापा!"

ठणकावून सांगितलं खरं. फोन ठेवल्यावर पुन्हा बोटांवर मोजल्या, चारच.

४ डिसेंबर, गुरुवार

आई, हे अक्षर माझं आहे, रुपालीचं. वही खाटेवर उघडी राहिली होती. पहिल्या पानापासून वाचली. रागवायचं असेल तर मी आल्यावर रागवा.

पहिला नंबर द्यायला नको होता. मला अजून पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण अंजलीला ठेवून घेण्याबद्दल मला विचारलं का नाहीत? मी नाही म्हणेन असं वाटलं तुम्हाला?

तिला आणायला सकाळच्या जालन्याच्या गाडीत बसतेय. उद्याची रजा टाकलीय, रविवारचीही. आतल्या खोलीत मी आणि ती झोपू, बाहेर तुम्ही आणि तुमचा लेक. तिची आई विचारणार, आमची पोरगी कुणाच्या भरवशावर पाठवू? त्यांना मी काय सांगू, ते या खाली तुमच्या हातानं लिहा आणि फोटो काढून मला पाठवा. बोलायचं नसेल तर बोलू नका. पण लिहा, आई. लवकर लिहा, जालना यायच्या आत.